बार्शी लाईटचे जनक : एव्हरार्ड कॅलथ्रॉप

यंदाच्या आमच्या शाळेतील विज्ञान-प्रदर्शनात आठवीच्या चार विद्यार्थ्यांनी एक लहानशी आगगाडी मांडली होती. खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या विटा एकमेकींत बसवून तिचे इंजिन, दोन मालडबे व उतारूंचा एक डबा त्यांनी तयार केला होता. खाणीत, साखर कारखान्यांत व मळ्यांत ज्या अरुंद रुळांवरील गाड्या माल वाहून नेत, तशा एका गाडीचे चित्र पाहून त्यांनी ही रचना केली होती. प्रदर्शन पाहावयास आलेल्या एका विद्यार्थ्याचे आजोबा त्या टेबलापाशी बराच वेळ थांबले. ते मूळचे लातूरकडील. गाडीकडे पाहता पाहता त्यांचा चेहरा उजळला आणि ही तर आपली बार्शी लाईट, असे ते म्हणाले. लहानपणी याच गाडीने आपण आईबरोबर पंढरपूरला गेलो होतो, हेही त्यांनी मुलांना सांगितले.

मुलांना आनंद झाला. पण ही गाडी मुळात कोणी आणली, असा प्रश्न त्यांतील एकाने केला तेव्हा आम्हा शिक्षकांपैकीही कोणास उत्तर देता आले नाही. मी स्वतः कोकणी मुलखातला. घरी कोकणी आणि शाळेत मराठी अशा दोन भाषांत वाढलो. आमच्या किनाऱ्यावरील लोहमार्ग पूर्ण होऊन सुरू झाला तो १९९८ साली, माझ्या लहानपणी. ज्या मुलखात आगगाडी नसते त्या मुलखास ती आल्यावर काय वाटते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे मी मनावर घेतले. जे हाती आले ते विद्यार्थी मित्रांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवीत आहे.

ज्या गृहस्थांची ही कथा आहे त्यांचे नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. त्यांचा जन्म ३ मार्च १८५७ रोजी इंग्लंडमध्ये झाला. लिंकनशायर परगण्यातील डीपिंग या भागात त्यांचे वडील शेती करीत. घरात मुले पुष्कळ. एव्हरार्ड हे त्यांतील थोरले. त्यांचे एक धाकटे बंधू गाय कॅलथ्रॉप हेही पुढे रेल्वेच्याच क्षेत्रात शिरले आणि इंग्लंडमधील एका मोठ्या रेल्वे कंपनीचे सरव्यवस्थापक झाले. शेतकऱ्याच्या घरातील मुलास मालाची वाहतूक म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पीक उत्तम आले तरी ते बाजारात वेळेवर पोहोचले नाही तर त्याचे मोल उरत नाही, हे तो लहानपणापासून जाणतो. कॅलथ्रॉप यांच्या पुढील आयुष्याकडे पाहिले म्हणजे ही जाणीव त्यांच्या मनात खोलवर रुजली असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही.

अपिंगहॅम येथील शाळेत शिक्षण झाल्यावर त्यांनी कारखान्याची वाट धरली. ज्यांच्या नावाने आगगाडीच्या इंजिनाचा इतिहास सुरू होतो त्या स्टीफन्सन यांच्या कारखान्यात त्यांनी आरंभीची उमेदवारी केली. त्यानंतर १८७४ साली क्रू येथील रेल्वेच्या प्रचंड कारखान्यात ते शिकाऊ म्हणून दाखल झाले. तेथे त्यांनी इंजिनाचा प्रत्येक भाग हाताळला. पुढे १८७९ मध्ये ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेत गेले व तेथे डबे बांधण्याच्या कारखान्यात जबाबदारीच्या जागेवर चढले. इंजिन कसे ओढते हे त्यांनी एका ठिकाणी शिकून घेतले आणि डबा कसा पेलतो हे दुसऱ्या ठिकाणी. या दोन्ही विद्या एकाच माणसाच्या अंगी असणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

सन १८८२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते हिंदुस्थानात आले. मुंबईहून निघणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या तोंडी असलेल्या जी. आय. पी. रेल्वेत, त्यांना इंजिनांच्या निरीक्षकाची जागा मिळाली होती. मुंबई व ठाणे यांच्या दरम्यान पहिली आगगाडी १८५३ साली धावली होती. नंतरच्या तीस वर्षांत मोठे लोहमार्ग देशभर पसरले. पण हे मार्ग मोठमोठ्या शहरांना जोडीत गेले आणि मधला मुलूख बव्हंशी तसाच राहिला. रुळांच्या दोन्ही बाजूंस वीस-पंचवीस मैलांवरील बाजारपेठांना बैलगाडीवाचून दुसरे साधन नव्हते.

बार्शी ही अशीच एक पेठ. सोलापूर जिल्ह्यातील हे गाव ब्रिटिश मुलखाच्या कडेला होते आणि त्याच्या पलीकडे लागलीच हैदराबादच्या निजामाचे राज्य सुरू होई. मराठवाड्यातील कापूस, गळिताची धान्ये व डाळी यांच्या गाड्यांच्या रांगाच्या रांगा बार्शीस येत. तेथून तो माल मुंबई-मद्रास या मोठ्या लोहमार्गावरील बार्शी रोड स्थानकापर्यंत न्यावा लागे. आज हेच स्थानक कुर्डुवाडी या नावाने प्रसिद्ध आहे. अंतर सुमारे २१ मैलांचे. पण पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतत, बैल थकत आणि माल वाटेतच भिजे.

मोठ्या मापाचा, म्हणजे साडेपाच फूट रुंदीचा लोहमार्ग येथवर आणावा, तर त्याचा खर्च एवढ्या लहान पेठेच्या उत्पन्नातून निघणारा नव्हता. मग बार्शीसारख्या गावांनी आगगाडीची आशाच सोडावयाची काय? कॅलथ्रॉप यांनी या प्रश्नाचा ध्यास घेतला. १८८७ च्या सुमारास अशा पूरक मार्गांना उत्तेजन देण्याचे सरकारचे धोरण होते. ते पाहून त्यांनी स्वतःच्या खर्चाने निरनिराळ्या मार्गांची पाहणी केली व त्याच वर्षी लंडनमध्ये अशा मार्गांसाठी एक कंपनीही नोंदविली. परंतु धोरण कागदावर असणे वेगळे आणि परवानगीचा कागद हातात पडणे वेगळे. वर्षामागून वर्षे गेली. ते रेल्वेची नोकरी सोडून १८९२ मध्ये इंग्लंडला परतले आणि तेथे सल्लागार इंजिनियर म्हणून काम करू लागले. बार्शीचा विचार मात्र त्यांनी सोडला नाही. अखेरीस १८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि तिचे सल्लागार इंजिनियर म्हणून कॅलथ्रॉप यांचीच योजना झाली. पहिल्या पाहणीपासून पहिल्या गाडीपर्यंत सुमारे दहा वर्षे लोटली होती. एका लहानशा मार्गासाठी माणसाने ऐन उमेदीची दहा वर्षे झिजावे, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता या मार्गात विशेष काय होते ते पाहू, आणि त्यासाठी आपल्या मुलांच्या खेळण्याकडे वळू. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांची गाडी वळणावर पुनःपुन्हा घसरत होती. विजेच्या घटांची जड पेटी त्यांनी इंजिनाच्या मागील एकाच चाकजोडीवर ठेवली होती. ती चाकजोडी सांध्यावर आली की खालचा नाजूक रूळ दबे आणि गाडी खाली उतरे. मुलांनी प्रथम रूळ बळकट करण्याचा विचार केला; पण तेवढ्या विटा त्यांच्यापाशी नव्हत्या. मग एकाने पेटी मधोमध घेतली, खाली आणखी दोन चाकजोड्या लावल्या आणि भार सर्वांवर सारखा वाटून दिला. गाडी सुरळीत धावू लागली.

कॅलथ्रॉप यांनी नेमके हेच केले होते. रुळावर संपूर्ण गाडीचे वजन एकाच ठिकाणी पडत नाही; ते प्रत्येक आसाखाली थोडे थोडे पडते. तेव्हा कोणत्याही एका आसावर ठरावीक वजनाहून अधिक भार येऊ दिला नाही, तर हलके व स्वस्त रूळही पुरेसे होतात. त्यांनी ही मर्यादा पाच टन ठरविली, आणि ती इंजिनास, मालडब्यास व उतारूंच्या डब्यास, सर्वांस सारखीच लागू केली. त्यामुळे यार्डाला सुमारे ३० पौंड, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो वजनाच्या रुळांवर काम भागण्यासारखे झाले. आज आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलो वजनाचे रूळ असतात, यावरून तो मार्ग किती हलका होता याची कल्पना येईल.

पण हलक्या रुळांवर दुबळे इंजिन चालवून त्यांना भागवावयाचे नव्हते. लीड्स येथील किट्सन कंपनीने त्यांच्यासाठी जी इंजिने बांधली त्यांस सहा आस होते. चार आसांची मोठी चाके एकमेकांना दांड्यांनी जोडून ओढण्याच्या कामी लावलेली, आणि मागील दोन आस केवळ भार पेलण्यासाठी. पाच टनांप्रमाणे सहा आस म्हणजे तीस टनांच्या मर्यादेत बसणारे, तरीही चांगली ओढ असलेले इंजिन त्यांना मिळाले. शक्ती कमी न करता भार वाटून घेणे, एवढेच त्यातील मर्म होते.

रुळांमधील अंतर त्यांनी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर ठेवले. सर्व मालडब्यांना दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचा एकाच मापाचा सांगाडा दिला. तो २५ फूट लांब व ७ फूट रुंद होता. या एकाच सांगाड्यावर उघडा डबा, झाकलेला डबा, हवा तो बांधता येई. आमच्या मुलांनीही अजाणता असेच केले होते. त्यांनी विटांचे तळ एकाच मापाचे बनविले आणि वरचे डबे निरनिराळे रचले. एकच घटक अनेक कामांना लावणे ही काटकसरीची युक्ती खेळण्यात जशी उपयोगी, तशीच खऱ्या रेल्वेतही उपयोगी ठरते.

ज्यांना स्वतः ही गाडी बनवून पाहावयाची असेल त्यांच्यासाठी थोडे गणित देतो. खेळण्याच्या विटांवरील दोन उंचवट्यांमध्ये ८ मिलिमीटर अंतर असते. रुळांमध्ये चार उंचवट्यांचे, म्हणजे ३२ मिलिमीटरचे अंतर ठेवले, तर ७६२ ला ३२ ने भागून आपली गाडी खऱ्या गाडीच्या सुमारे २४ पट लहान होते. २५ फूट म्हणजे अडीच फुटांची बरोबर दहापट. तेव्हा मालडब्याचा सांगाडा चाळीस उंचवटे लांब हवा. रुंदी सात फूट, म्हणून ती सुमारे अकरा उंचवटे येते. चार उंचवट्यांच्या वाटेवर अकरा उंचवट्यांचा डबा! वाटेच्या जवळजवळ तिप्पट रुंद असा डबा न कलंडता चालविणे यात त्या इंजिनियरचे कसब होते. मुलांनी हे हिशेब करून पाहिले तेव्हा त्यांना आपल्या खेळण्याविषयी नवाच आदर वाटू लागला.

या विटांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. डेन्मार्कमधील बिलुंड गावी ओले कर्क क्रिस्टियनसेन नावाचे एक सुतार होते. मंदीच्या दिवसांत, १९३२ साली, त्यांनी लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. त्यातूनच पुढे लेगो कंपनी उभी राहिली. आज आपण पाहतो त्या घट्ट बसणाऱ्या विटेचा हक्क २८ जानेवारी १९५८ रोजी नोंदविला गेला. आठ उंचवट्यांच्या, एकाच रंगाच्या अवघ्या सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणित्यांनी दाखविले आहे. कॅलथ्रॉप यांच्या हयातीत ही वीट नव्हती. पण थोड्या व सारख्या घटकांतून मोठे काम उभे करण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती.

डबे व इंजिने हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी लीड्सजवळील न्यूले येथे कॅलथ्रॉप यांनी तात्पुरते रूळ टाकून त्यांचे प्रात्यक्षिक करून दाखविले. अरुंद रुळांची गाडी म्हणजे खेळणे, असे मानणाऱ्यांचा त्या काळी तुटवडा नव्हता. अवजड सामान या गाडीवर चढवून त्यांनी त्यांना कृतीनेच उत्तर दिले.

मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. मार्ग चांगला चालू लागताच तो वाढविण्यात आला. १९०६ साली कुर्डुवाडीपासून पंढरपूरपर्यंत गाडी पोहोचली आणि आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांची मोठी सोय झाली. दुसऱ्या बाजूस बार्शीपासून पूर्वेकडे, निजामाच्या राज्यात, रूळ सरकू लागले. तडवळे, येडशीचा डोंगराळ भाग व रामलिंगाचे रान ओलांडून १९११ साली गाडी लातुरास पोहोचली. लातूर हे तेव्हा हैदराबाद राज्यातील गाव. पुढे तेथील डाळींची व तेलबियांची पेठ जी नावारूपास आली तिला या चिमुकल्या गाडीचा मोठा आधार झाला. आम्हा हैदराबादकर मराठी मंडळींत ज्यांची मुळे मराठवाड्यात आहेत अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांतील कित्येकांच्या आजा-पणजांचा पहिला आगगाडीचा प्रवास याच रुळांवर झाला असेल.

या यशाचे वर्णन करताना एक गोष्ट विसरता कामा नये. ही कंपनी लंडनमधील भागधारकांची होती, आणि राज्य परक्यांचे होते. मार्गाचा नफा बव्हंशी सातासमुद्रापलीकडे जाई. माती खणली, भराव घातले व रूळ वाहिले ते याच मुलखातील कष्टकऱ्यांनी. त्यांची नावे कोठेही लिहून ठेवलेली नाहीत. कॅलथ्रॉप यांची बुद्धी व चिकाटी यांचे मोल मानताना त्या अनाम हातांनाही आपण स्मरले पाहिजे.

बार्शीच्या अनुभवामुळे कॅलथ्रॉप यांचे नाव सर्वत्र झाले. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावरील रेल्वे १८९८ मध्ये अडीच फुटी करण्यात आली, तेव्हा तिला त्यांचा सल्ला लाभला. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यातील मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात १९०४ साली जो लहान लोहमार्ग सुरू झाला त्याचे इंजिनियरही तेच होते. तेथील दोन इंजिनांपैकी एकास त्यांचेच नाव देण्यात आले होते. त्या इंजिनांस हिंदुस्थानी इंजिनांप्रमाणे मोठे दिवे होते, आणि इंग्लंडच्या हिरव्या दरीतून ती धावत तेव्हा पाहणारास कौतुक वाटे. या मार्गावर त्यांनी आणखी एक युक्ती योजिली. मोठ्या मापाच्या रेल्वेचा भरलेला डबा जसाच्या तसा उचलून नेणारी एक खास गाडी त्यांनी तयार केली. त्यामुळे माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरण्याचे श्रम वाचले. तो मार्ग १९३४ साली बंद झाला.

कॅलथ्रॉप यांचे वय पन्नाशीच्या पुढे गेले होते. कीर्ती मिळाली होती, आणि आता त्यांनी स्वस्थ बसावयास हरकत नव्हती. परंतु १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे विमानांच्या कसरती चालू असताना त्यांचे मित्र चार्ल्स रोल्स यांचे विमान मोडून खाली कोसळले व रोल्स जागच्या जागी गतप्राण झाले. रोल्स-रॉइस या नावातील हेच ते रोल्स. विमानाच्या अपघातात मृत्यू पावलेले ते पहिले ब्रिटिश वैमानिक होत. कॅलथ्रॉप तेथे हजर होते. मित्राचे मरण डोळ्यांसमोर घडलेले पाहून शोक करणारे पुष्कळ असतात. कॅलथ्रॉप यांनी त्या शोकाचे कार्यात रूपांतर केले. वैमानिकास विमानातून सुखरूप खाली उतरता यावे असे साधन तयार करण्याचा त्यांनी निश्चय केला.

विमानछत्री त्यापूर्वीही होती. पण ती फुग्यातून उतरण्याच्या खेळाची वस्तू होती. वेगाने जाणाऱ्या विमानातून उडी घेताच छत्रीच्या दोऱ्या गुंतत वा ती उघडतच नसे. कॅलथ्रॉप यांनी अनेक प्रयोग केले, कापडाच्या घड्या कशा घालाव्यात व दोऱ्या कशा गुंडाळाव्यात याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी जी छत्री तयार केली ती विमानाला जोडलेल्या एका पेटीत असे, व उडी घेणाऱ्याच्या वजनानेच ती बाहेर ओढली जाऊन उघडे. तिला त्यांनी रक्षण करणारा देवदूत अशा अर्थाचे नाव दिले. जानेवारी १९१७ मध्ये कॅप्टन कॉलेट यांनी सुमारे ६०० फूट उंचीवरून या छत्रीने सुखरूप उडी घेतली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला ऑर्ड-लीज नावाच्या अधिकाऱ्याने लंडनच्या प्रसिद्ध टॉवर पुलावरून, नदीपासून सुमारे दीडशे फुटांवरून, उडी घेतली. एवढ्या थोड्या उंचीवरही छत्री उघडते हे त्यांना लोकांस दाखवावयाचे होते. हे ऑर्ड-लीज म्हणजे शॅकल्टन यांच्याबरोबर दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेत अडकून जिवंत परतलेले साहसी गृहस्थ होत.

इतके होऊनही ब्रिटिश लष्कराने आपल्या लढाऊ वैमानिकांना ही छत्री दिली नाही. छत्री जड आहे, विमानात जागा नाही, अशी कारणे पुढे करण्यात आली. छत्री मिळाल्यास वैमानिक विमान लवकर सोडून देतील, अशीही शंका अधिकाऱ्यांच्या मनात होती असे सांगतात. शत्रूच्या मुलखात हेर उतरविण्यासाठी मात्र तिचा उपयोग करण्यात आला. जर्मन वैमानिकांना १९१८ मध्ये छत्र्या मिळाल्या. ब्रिटिशांचे धोरण बदलेपर्यंत युद्धच संपत आले होते. दरम्यान पेटलेल्या विमानांतून किती तरुण होरपळले! जे साधन आपण सिद्ध केले आहे ते कपाटात राहावे आणि माणसे मरत राहावीत, याहून मोठे दुःख शोधकाला कोणते असेल? बार्शीच्या परवानगीसाठी त्यांनी अनेक वर्षे वाट पाहिली होती, तेव्हा वाया गेला तो वेळ. येथे वाया गेले ते प्राण.

कॅलथ्रॉप यांचा आणखी एक छंद होता, तो घोड्यांचा. लंडनजवळील लाउटन येथील आपल्या घरी ते अरबी घोडे पाळीत. घोड्यास चाबकाने नव्हे तर मायेने शिकवावे, असे त्यांचे मत होते, व घोडा हा मनुष्याचा सोबती व मित्र आहे या विषयावर त्यांनी १९२० साली एक ग्रंथही प्रसिद्ध केला. रूळ असो, वैमानिक असो की मुका प्राणी असो, कोणावरही त्याला न पेलणारा भार टाकू नये, हा एकच विचार त्यांच्या सर्व कामांतून दिसतो.

३० मार्च १९२७ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी बार्शी लाईटचा पंढरपूर ते मिरज हा अखेरचा फाटा सुरू झाला आणि लातूरपासून मिरजेपर्यंत सुमारे २०२ मैलांचा मार्ग पूर्ण झाला. ज्या मार्गाचा आरंभ त्यांनी तिशीत मनाशी योजिला, त्याची पूर्तता व त्यांच्या आयुष्याची समाप्ती एकाच वर्षी व्हावी, हा योगायोगच म्हणावयाचा.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली भारत सरकारने हा मार्ग आपल्या ताब्यात घेतला व तो मध्य रेल्वेत सामील झाला. त्याच्या मंद गतीवर लोकांनी विनोद पुष्कळ केले. पण लग्नाची वऱ्हाडे, बाजारकरी, विद्यार्थी व वारकरी यांना ती गाडी घरच्यासारखी होती. काळ बदलला. २००१ नंतर हे अरुंद रूळ टप्प्याटप्प्याने काढून मोठ्या मापाचे टाकण्यात आले. लातूर ते कुर्डुवाडी हे काम २००८ मध्ये आणि पंढरपूर ते मिरज हे काम त्यानंतर दोन-तीन वर्षांत पुरे झाले. आज लातूर, बार्शी व पंढरपूर येथे मोठ्या गाड्या जातात, आणि वाटेत गाडी बदलण्याचे वा माल उतरवून पुन्हा भरण्याचे कारण उरलेले नाही. जुन्या गाडीचे रूळ गेले याची हळहळ वाटते खरी. पण ज्या वाटेने मोठी गाडी आली ती वाट त्या लहान गाडीनेच प्रथम दाखविली होती.

विद्यार्थी मित्रहो, मोठे साधन नाही म्हणून काम अडले, असे आपण पुष्कळदा म्हणतो. मोठी शाळा नाही, महाग पुस्तके नाहीत, चांगली प्रयोगशाळा नाही, अशी कारणे सांगणे सोपे असते. कॅलथ्रॉप यांच्यापुढेही पैसा थोडा होता आणि रूळ हलके होते. त्यांनी हलक्या रुळांची तक्रार केली नाही. त्या रुळांना पेलेल अशी गाडी तयार केली. भार नीट वाटून घेतला तर लहान साधनांवरही मोठे ओझे वाहता येते, हा त्यांच्या चरित्राचा बोध आहे. घरातही तसेच आहे. साऱ्या संसाराचा भार एकट्या आईवर वा एकट्या वडिलांवर पडला की गाडी केव्हा तरी घसरतेच. तो सर्वांनी थोडा थोडा उचलला तर सुरळीत चालते.

प्रदर्शन संपल्यावर मुलांनी ती गाडी मोडून विटा पुन्हा डब्यात भरल्या, कारण त्या विटा चौघांच्या मिळून होत्या व वाटून न्यावयाच्या होत्या. मात्र मोडण्यापूर्वी त्यांनी इंजिनाच्या बाजूस कागदाची एक चिठ्ठी चिकटवून तिच्यावर कॅलथ्रॉप यांचे नाव लिहिले आणि त्या आजोबांना बोलावून गाडी एकदा अखेरची चालवून दाखविली. गाडी संपूर्ण फेरी मारून आली. वळणावर ती घसरली नाही.